पहिली ड्यूटी

नातीचं नर्सिंग कॉलेज सुरू व्हायला अजून दोन-तीन महिने होते. माझा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या ह्यांचे ओले कपडे बदलायला नात संघमित्रा पुढे झाली.

“हात नको लावू! नातीनं मले असं पाहू नये.”

“पाठ सडून राहिली जी तुमची!” मी म्हटलं. पण भिलाईच्या भट्टीपुढे हयात काढलेला हा माणूस दुपारपर्यंत तसाच ओल्यात पडून राहिला.

मग दार वाजलं. मास्क आणि टोपी घातलेली संघमित्रा आत आली. घरात आम्ही मराठीच बोलतो, ती हिंदीत म्हणाली, “प्रेमानंदजी, मैं सिस्टर. करवट लीजिए.”

ह्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग गुमान कुशीवर वळले. कपडे बदलून झाल्यावर हळूच म्हणाले, “सिस्टर, मेरी नातिन को मत बताना.”