काचेवरची वाफ

दुकानदारानं काउंटरवर कॅमेऱ्याच्या दोन लेन्स ठेवल्या, एक बुटकी आणि एक वीतभर लांब, आणि विचारलं की बेटावर जाऊन नक्की टिपायचंय काय. नवरा म्हणाला, समुद्र. बाई शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मनात आलं, समुद्रासाठी एवढी यातायात कशाला, तो काही पळून जात नाही.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे शाळेबाहेरही सगळे त्यांना बाईच म्हणत. ज्या माणसाला नात्यातल्या लग्नाला न्यायचं तर नाकी नऊ येत, त्यानं आपणहून बेटाची तिकिटं आणली होती आणि आज लेन्स घ्यायला बरोबर घेऊन आला होता. तिकिटं बघितल्यापासून बाईंना वाटत होतं की कुठंतरी पाणी मुरतंय. त्याची त्यांना लाजही वाटत होती. नवरा प्रेमानं काही करतोय, तर साप साप म्हणून भुई धोपटायची ही कुठली रीत? शिवाय सहल त्यांना मनापासून हवी होती. लग्न झाल्यापासून ती दोघं, दोघंच अशी, कुठं गेलीच नव्हती.

दुकानदार बोलका होता. लेन्स विकायची की प्रवचन करायचं, हे त्याचं ठरत नसे. तो सांगत होता की तिकडे हवा भलतीच दमट, खोलीत मात्र एसी लावून गारठा केलेला. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की थंड काचेवर वाफ धरते, आणि लोक लेन्स बिघडली म्हणून बोंब मारतात.

“अर्धा तास तरी काही दिसत नाही,” लांब लेन्सची कडी फिरवत नवरा म्हणाला. “तोवर ती बॅगेतनं काढायचीच नाही.”

दुकानदारानं खूश होऊन मान डोलावली. बाईंनी कान टवकारले. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे कधी कळलं. कुठंतरी वाचलं होतं, नवरा म्हणाला, हल्ली काय, सगळं मोबाइलवर मिळतं. तेही खरंच होतं. गार काचेवर वाफ का धरते हे बाई स्वतः दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होत्या. त्यांनी मनातल्या मनात त्याला पास केलं.

पण शाळेत कॉपी पकडण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यांची युक्ती साधी होती. ज्यानं नुसतं वाचलेलं असतं त्याचं उत्तर कसं अगदी नेमकं येतं. ज्यानं खरंच प्रयोग केलेला असतो तो भलतंच काहीतरी सांगून जातो, चिमटा तापला आणि बोट पोळलं, असलं. म्हणून बाई पोरांना रागवत नसत. गोड आवाजात, पुस्तकात नसलेलं काहीतरी विचारत.

“मग तो अर्धा तास करायचं काय हो?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, चालायला लागायचं,” नवरा लेन्समध्ये डोळा घालून म्हणाला. “खरा घोळ चष्म्याचा. पुसला की परत धुकं, पुसला की परत धुकं. तोवर हात धरून पायऱ्या उतरवायला लागतं.”

दुकानदार हसला. बाईही हसल्या, सवयीनं.

घरात चष्मा कुणालाच नव्हता. बाईंना शेवटच्या बाकावरची चिठ्ठी टेबलापासून दिसायची. आणि नवरा तर अजून त्यांना सुईत दोरा ओवून द्यायचा.

मागच्या वर्षी तो ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी डोंगरातल्या एका थंड गावी गेला होता. स्वेटर बाईंनीच बॅगेत भरला होता. तो त्यांनी घातलेल्या घडीतच परत आला. यंदा तिकडे थंडीच पडली नाही, असं नवरा म्हणाला होता, आणि बाईंनी ते ऐकून घेऊन स्वेटर कपाटात ठेवून दिला होता.

त्यांना राग यायला हवा होता, पण आधी आली ती शरम. आपण नवीन सँडल घेतल्या, शेजारणीला तिकिटं दाखवली, आणि ही आपली पहिली सहल त्याची दुसरी होती.

लेन्सची कडी फिरायची थांबली. नवऱ्यानं डोळा बाजूला केला आणि बायकोकडे बघितलं. चष्म्याचंही त्या लेखातच होतं, तो म्हणाला, एका माणसानं आपला अनुभव लिहिला होता, मजेशीर होता तसा. कुणी काही विचारलं नसताना तो त्या लेखाबद्दल बराच वेळ बोलत राहिला.

बाईंनी पर्स खांद्याला लावली. वर्गातही पोरगं सापडलं की त्या पुढचं ऐकत बसत नसत.

गिऱ्हाईक लेखातच अडकलंय असं बघून दुकानदार त्यांच्याकडे वळला. “तुम्हीच सांगा आता. बुटकी घेतलीत तर दोघं शेजारी उभे राहून हात लांब केलात तरी छान फोटो निघेल. लांबडीला तसं चालत नाही. तिच्यासाठी एकानं पार दूर जाऊन उभं राहावं लागतं.”

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून लांब लेन्स काढून घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती.

“ही द्या,” त्या म्हणाल्या. “मला आता यांना जरा लांबून बघायचंय.”