नेहमीचा मसुदा

"नेहमीचाच इंग्रजी मसुदा आहे, दाभाडे. फक्त नावं बदला," वकील हळूच म्हणाले.

कोर्टाच्या आवारात दाभाडे तीस वर्षं टायपिंग करत होते. हुंडाबळीच्या तक्रारींतले 'कॉन्स्टंटली', 'इन्सेसंटली' असे 'सतत' या अर्थाचे शब्द त्यांची बोटं न बघता उमटवायची. आज मयताच्या जागी त्यांनी स्वतःच्या लेकीचं नाव टाकलं. रेवती.

पुढची ओळ ठरलेलीच होती: मयत आपला छळ वडिलांना कॉन्स्टंटली सांगत असे.

बोटं थबकली. तीनदा रडत माहेरी आली होती पोर. भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणत तिन्ही वेळा त्यांनीच तिला परतीच्या एसटीत बसवलं होतं.

"ही ओळ गाळूया का?" वकिलांनी विचारलं.

"नको साहेब. बाकी सगळं ऐकीव आहे. एवढंच माझ्यासमोर घडलंय."