सहावी पट्टी

"चार तासांनी काढायच्या. भाजायला लागलं तर आधीच. घरी आहे ना कोणी काढायला?" लुओ वैद्यांनी विचारलं.

"आहे की," पालथ्या पडलेल्या छ्याओयुनबाई म्हणाल्या.

थंडीतला दमा ऐन उन्हाळ्यातच मुळातून निघतो, असा समज. म्हणून वुहानमधली म्हातारी माणसं वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या दिवसांत पाठीवर आलं-मोहरीच्या लेपाच्या पट्ट्या लावून घेतात. छ्याओयुनबाईंना सहा लावल्या.

घरी आल्यावर बाराच्या सुमाराला पाठ पेटली. खांद्यांवरच्या दोन पट्ट्या हातानं निघाल्या, कमरेजवळच्या दोनही. पाचवी त्यांनी स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं ओढली. सहावी नेमकी पाठीच्या मधोमध. खालून हात पुरेना, वरूनही पुरेना. दाराच्या चौकटीला पाठ घासली, तर ती आणखीच घट्ट बसली.

तेवढ्यात शेनझेनहून मुलाचा फोन आला. "आई, मुगाचं पाणी प्यायलीस? एसीसमोर बसू नकोस. आणि पट्ट्या?"

"काढल्या."

"एकटीनं?"

"त्यात काय एवढं."

"बरं, मग ठेवतो. मीटिंग आहे."

समोरच्या घरात मिआओबाई राहायच्या, त्याही एकट्याच. जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या कपाटावरून दोघींचं वाजलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या तरी दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघायच्या. छ्याओयुनबाईंनी बेलकडे नेलेला हात दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा दाबली.

मिआओबाईंनी दार उघडलं.

"पाठीवर एक पट्टी राहिलीय. हात पुरत नाही."

"आणि म्हणून भाजून घेत बसलात? या आत. वळा."

त्यांनी पट्टीची कड पाण्यानं भिजवली आणि हळूहळू सोडवून वाटीत टाकली. "लालबुंद झालंय. फोड नाही आला, नशीब." मग ओला पंचा पिळून पाठीवर ठेवला. तो कोमट होताच पुन्हा भिजवला, पुन्हा ठेवला.

शेवटी मिआओबाईंनी पंचा उचलला. "झालं."

छ्याओयुनबाईंनी सदरा खाली घेतला नाही. पाच पट्ट्या घरी टेबलावर होत्या, सहावी इथे वाटीत.

"अजून एखादी राहिली असेल," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बघा ना जरा."

मिआओबाईंनी त्या उघड्या पाठीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या मागे बसल्या आणि पाठीवर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या, "नीट बघते."