उंच टाचेचे सँडल

“ए मुली, तुझा तो घेर जरा आवर की! आम्हाला रॉकेट दिसत नाहीये.”

मिनेसोटाची नंबरप्लेट असलेल्या गाडीशेजारी ती बाई घडीच्या खुर्चीत पाय पसरून बसली होती. नायेलीने आपला डाळिंबी झगा दोन्ही हातांनी गोळा केला आणि मुद्दाम आणखी फुलवला.

“दिसत नसेल तर उभ्या राहा,” ती म्हणाली. “मला माझा किनारा दिसत नाहीये, मी काय करू?”

“नायेली!” चेला आत्याने तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. “आजच्या दिवशी तरी तोंडाला कुलूप लाव.”

आजचा दिवस! मुलगी पंधराची झाली की बापाने गुडघ्यावर बसायचं, तिच्या सपाट चपला काढायच्या आणि पायात उंच टाचेचे सँडल चढवायचे. मग ती मोठी. बाकीचे लोक हे हॉलमध्ये उरकतात, नायेलीच्या घरात मात्र ते खाडीपलीकडच्या वाळूवर व्हायचं. आजीचं तिथे झालं, आत्याचंही. वाळूत टाच रुतते, मुलगी डगमगते आणि बापाचा हात धरल्याशिवाय तिला पहिलं पाऊल टाकताच येत नाही.

पण आता त्या वाळूला लागून कंपनीचं रॉकेट उभं होतं. गुरुवारचं उड्डाण आजच्या दिवसावर ढकललं गेलं आणि तिकडचा रस्ता बंद झाला. म्हणून हे सगळे खाडीच्या अलीकडे, पार्किंगमध्ये, मक्याची कणसं चावत बसलेल्या परक्या लोकांच्या गर्दीत, तापल्या डांबरावर.

“पुढच्या शनिवारी तिकडे जाऊन करू,” नायेली म्हणाली.

“हो, आणि मॉन्तेरेहून आलेले पाहुणे तोवर तुझ्या खोलीत झोपवू! कालपासून मटण शिजतंय, हॉल आज संध्याकाळचा आहे. शिवाय पुढच्या शनिवारी तुझ्या बापाला सुट्टी नाही.”

तिथेच तर दुखत होतं. नायेलीचा बाप, तिचा अपा, त्याच कंपनीत वेल्डिंग करायचा. आधी कोळंबीच्या बोटी जोडायचा, आता हे. कंपनीचं नाव असलेली टोपी घालून तो सकाळी निघाला, तेव्हा नायेलीनेच ती ओढून गाडीत मागे फेकली होती.

“तू एकदा तरी बोललास त्यांना?” ती आता त्याच्यावर उखडली. “माझ्या मुलीचा दिवस आहे, तासभर आम्हाला वाळूवर सोडा म्हणून?”

“मुकादमाला सांगितलं ना.”

“मग?”

“तो म्हणाला, अभिनंदन.”

आत्या फिस्सकन हसली. नायेली हसली नाही.

“घाल मग लवकर. ते उडायच्या आत.”

अपा सँडलचा डबा घेऊन गुडघ्यावर बसला. पण बसला तिरका. एक डोळा सँडलवर, एक खाडीपलीकडे.

“अपा, इकडे.”

“इकडेच आहे.”

“नाहीयेस तू इकडे!”

त्याने बाहीने कपाळ पुसलं. “त्यात माझे जोड आहेत गं. मागच्या वेळी वर जाऊन फुटलं. आज एकदाच बघतो.”

“बघ ना! सावकाश बघ. मी काय, दर वर्षी पंधराची होणार आहे.”

अपाचा चेहरा उतरला. तो वळला, खाडीकडे सरळ पाठ करून बसला आणि त्याने तिची डावी चप्पल काढली. तोवर गर्दी मोठ्याने आकडे उलटे मोजायला लागली होती.

पलीकडे उजेड झाला. आवाज अजून यायचा होता. अख्ख्या पार्किंगच्या माना वर गेल्या, आत्याचीसुद्धा. अपाची खाली होती. सँडलचा बारीक पट्टा त्याच्या जाड बोटांतून दोनदा निसटला. मग आवाज आला. नायेलीच्या फासळ्या थरथरल्या, उभ्या गाड्यांचे भोंगे आपोआप बोंबलायला लागले. अपाचे हात थांबले होते. डोळे गच्च मिटून, मान किंचित कलती करून तो तसाच बसला होता.

“तू ऐकतोयस!” ती किंचाळली.

“मग कान कुठे काढून ठेवू?” तोही ओरडला. “सांग ना, कुठे काढून ठेवू?”

बापाला असं ओरडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याने पट्टा ओढला, बक्कल लावलं आणि त्याच क्षणी पार्किंगभर टाळ्यांचा कडकडाट झाला.

सँडल चढलं की जमलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या असतात. इथे शेकडो लोक वाजवत होते, शिट्ट्या मारत होते, आणि एकही जण तिच्याकडे बघत नव्हता. आत्याही आभाळाकडे बघून वाजवत होती. मिनेसोटाची बाई डोळे पुसत वळली आणि तिला झगा दिसला.

“किती नशीबवान गं तू! एवढं मोठं रॉकेट, तुझ्या समारंभाला!”

नायेलीने पाय पुढे केला. “काढ हे.”

“पोरी, आता—”

“काढ, अपा. यांच्या टाळ्या थांबू देत. मग घाल.”

अपाने तिच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. त्याने बक्कल सोडलं. डांबर भाजत होतं, म्हणून तिचा उघडा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला. तेवढ्यात कुणीतरी फोनमध्ये बघून ओरडलं, “पोचलं! वर पोचलं!” टाळ्या पुन्हा उसळल्या. अपाने मान वळवली नाही. एका हातात सँडल, दुसऱ्या हातात तिची टाच घट्ट धरून तो गर्दीकडे रोखून बघत राहिला, आणि नायेलीही.