भागीरथीबाईंचा कागद

नुजहत तीन वर्षं भागीरथीबाईंच्या मागावर होती. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात राहून या बाईंनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, एक इतिहास लिहिला, इंग्रजीतलं एक पुस्तक मराठीत आणलं. आणि पुढं त्या कुठं गेल्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चरित्र छापायला द्यायची वेळ आली तरी नुजहतला चैन पडेना. शेवटी शिवाजी पेठेत बाईंच्या दिरांचं घर सापडलं.

दिरांचे पणतू विजयसिंह ऐकून हरखलेच. "आमच्या घरात एवढी मोठी लेखिका? अवो ताई, दारावर पाटी लावूया की!"

त्यांनी तिजोरीतून एक जुना मोडीतला कागद काढला. "ह्याच्यावर त्यांचं नाव हाय म्हणत्यात. आमाला कुणाला मोडी येत न्हाय. तुमीच वाचा."

नुजहत मोठ्यानं वाचू लागली. विधवा भागीरथीबाई घरातला आणि मळ्यातला नवऱ्याचा वाटा राजीखुशीनं दिरांना देत होत्या. शेवटच्या ओळीशी तिचा आवाज अडखळला.

"मला लिहिता येत नाही, म्हणून अंगठा केला आहे."

मग विजयसिंहांनी तिच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि त्याची घडी घातली.

 

"ताई, तुमच्या त्या भागीरथीबाई दुसऱ्याच कोणतरी असतील."