उजव्या हाताचं माप

गौरी आल्या की आवडाबाई कासारीण बांगड्या भरायला रत्नागिरीत घरोघर फिरायची. शेट्यांच्या सुनेसाठी, कुमुदसाठी, तिला दोन मापं काढावी लागत. डाव्या हाताला सव्वादोन, उजव्याला अडीच. लग्नाआधी कुमुद टेनिस खेळून कमवायची, विमानानं परदेशी सामन्यांना जायची. रॅकेट धरून धरून तिचा उजवा पंजा रुंद झाला होता. ब्याऐंशीत लग्न झालं आणि रॅकेट माळ्यावर गेली.

यंदा आवडाबाईनं सवयीनं उजव्या हातात अडीचची बांगडी चढवली. ती साबण न लावताच आत गेली आणि मनगटावर सैल लोंबू लागली.

"अगो, हात उतरला की तुझा!" आवडाबाई हसली. "बरं झालं. आता दोन्ही हात एका मापाचे, चारचौघींसारखे."

"देवीच पावली म्हणायची," सासू आतून म्हणाली.

आवडाबाईनं ती काढून सव्वादोनची उचलली. कुमुदनं हात मागे घेतला.

"अडीचचीच भरा."

"सैल होईल गो. विहिरीवर पाणी ओढताना हातातून सुटेल आणि वाढेल."

बांगडी फुटेल असं कासारीण कधी म्हणत नाही, वाढेल म्हणते.

कुमुद आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिली. मग तिनं तो पुन्हा पुढे केला.

"वाढू दे, आवडाबाई. या हातातलं तेवढं तरी वाढू दे."