जागी राहा

दुसरा गोल भिंगरीच्या उजव्या हाताशेजारून आत गेला. वेगात वगैरे नाही, ओळखीच्या घरात शिरावं तसा निवांत.

"दोन खाल्लेस," बाजूच्या रेषेवरून सर म्हणाले. "अजून भूक आहे?"

भिंगरीने मान हलवली नाही. काहीच हलवलं नाही. दोन खांबांच्या बरोबर मधोमध, टाचा चुन्याच्या रेषेवर, अशी ती खिळा ठोकल्यासारखी उभी होती. बुटांच्या आत मात्र दहाही बोटं धावत होती.

सरांचं सलून मैदानासमोरच होतं. मुली त्यांना तोंडावर सर म्हणायच्या आणि पाठीमागे कात्री, कारण ते सकाळी केस कापायचे आणि संध्याकाळी नावं. आज मैदानावर सोळा जणी होत्या आणि संघात पंधरा जणींची सोय. तीन आठवड्यांत सरांनी भिंगरीला पुढे खेळवून पाहिलं, तर ती मागे सापडली. मागे ठेवली, तर पार कोपऱ्यात गेली. मध्ये ठेवली, तर समोरच्या संघातल्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत बसली. उरले होते गोलकीपरचे हातमोजे. तेही एका अटीवर. तिसरा गोल खाल्ला की हातमोजे काढायचे आणि घरी जायचं.

"जागी राहा गं," सर पुन्हा ओरडले. दर वेळी चेंडू येण्याआधी ते हेच ओरडत होते, आणि दर वेळी भिंगरी आणखी घट्ट होत होती.

चेंडू आणायला तिची ताईच जाळीपर्यंत आली. दोन्ही गोल तिनेच मारले होते. तिसरा मारला की पुढची जागा तुझी, असा सरांनी शब्द दिला होता.

"काय गं," चेंडू उचलता उचलता ती दबक्या आवाजात म्हणाली, "घरी तर दात घासता घासता अडवायचीस."

ते खरंच होतं. पंधरा दिवस ताई तिला मोज्यांचे गोळे मारत होती. जेवताना, जिन्यात, न्हाणीच्या दारातून. एक आईच्या दुधाच्या पातेल्यात पडला, तेवढाच काय तो सुटला.

"घरी मला हलायला परवानगी असते," भिंगरी ओठ न हलवता म्हणाली.

"मग इथं कोणी नको म्हटलंय?"

"सरांनी. सारखे सांगतायत ना, जागी राहा, जागी राहा. मी जागीच आहे. बोटभरसुद्धा सरकले नाहीये."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या टाचांकडे. हसू अगदी दातांपर्यंत आलं होतं, तेवढ्यात तिला काखेतल्या चेंडूची आठवण झाली.

ती वळली आणि चालू लागली. आठ-दहा पावलं गेली, थांबली. दोन पावलं परत आली. पुन्हा गेली. चेंडू या काखेतून त्या काखेत गेला.

भिंगरी सगळं बघत होती. डोळे हलवायला बंदी नव्हती.

"ए बावळट," ताई लांबून ओरडली. "जागी म्हणजे झोपू नकोस. जागेवर नव्हे."

सरांनी तोंडापाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. त्यांनी भिंगरीच्या टाचा पाहिल्या. मग तिच्या कपाळावरची तिरकी कापलेली बट पाहिली. ती त्यांच्याच खुर्चीत तिरकी झाली होती, गेल्या रविवारी, ते दहादा 'हलू नकोस' म्हणत असताना.

मग त्यांनी शिट्टी फुंकली.

ताई सुटली. एकीला डावीकडून चुकवलं, दुसरीला उजवीकडून. बहीण म्हणून काही सूट वगैरे नाही, पाय पूर्ण मागे नेला. पण मान वर करून पाहिलं तर रेषेवर कोणीच नव्हतं. भिंगरी दहा पावलं पुढे आली होती. मग हातभर अंतरावर आली. मग थेट चेंडूवर पडली. दोघी धुळीत आपटल्या, आणि चेंडू भिंगरीच्या पोटाखाली गेला.

उठली ती चेंडू छातीशी धरूनच, आणि तशीच मैदानाच्या मध्यापर्यंत पळत गेली. चेंडू हातात घेऊन गोलकीपरने इतकं लांब जायचं नसतं, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी कानामागची पेन्सिल काढली. वहीच्या पानावर दोन रकाने होते, नाव आणि जागा. मुली गोळा झाल्या.

ताईच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, मागे.

"मागे?" ताई म्हणाली. "एका हुकलेल्या गोलसाठी?"

"गोलकीपरच्या पुढ्यात ओरडणारी लागते एक," सर म्हणाले. "आणि खरं ओरडणारी."

ताई बराच वेळ गुडघ्यावरची माती पुसत राहिली, गुडघा केव्हाच स्वच्छ झाला होता तरी. मग सरांच्या कोपराखालून डोकावून तिने शेवटची ओळ वाचली. नावाच्या रकान्यात भिंगरी. जागेच्या रकान्यात, जागी.

"सर, तुमचं व्याकरण चुकलंय."

"तिलाच विचार."

पण भिंगरी तिथं होती कुठं. ती पुन्हा जाळीपाशी पोचली होती, एका पायात बूट, दुसरा उघडा. आणि मोज्याचा घामट गोळा एवढं अर्धं मैदान ओलांडून बरोबर ताईच्या पाठीत बसला.